एकशे त्रेचाळीसावी पायरी

चर्चच्या माहितीपत्रकात छापलंय की डोंगरावर जायला तीनशे पासष्ट पायऱ्या आहेत, वर्षाच्या दिवसांइतक्या. खोटं आहे. तीनशे अठ्ठावन्न आहेत. मी त्यातली एकूण एक हाताळली आहे, तेव्हा मला कोणी शिकवू नये. एकदा हे मी फादरांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "काका, वरच्या सात श्रद्धेच्या धरा." मी म्हटलं, धरतो. त्या सात झिजणार नाहीत, तेवढंच माझं काम कमी.

मी पाथरवट. वडील पाथरवट, त्यांचे वडील पाथरवट, आणि सगळ्यांचा जन्म या एकाच जिन्यावर गेला. वडील बासष्टाव्या वर्षी गेले; त्यांचे गुडघे त्याआधी दोन वर्षं गेलेले होते. मी आता त्रेसष्टाचा आहे. यात्रेकरू धापा टाकत वर पोचतात, घाम पुसतात आणि म्हणतात, काय शांतता आहे इथं! मला ती शांतता आजवर ऐकू आलेली नाही. मला गुडघे ऐकू येतात. रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली की वाटतं, आज नको. तरी जातो, कारण घरी बसलं की बायको विचारते, "बरं वाटत नाहीये का?" त्याचं उत्तर देत बसण्यापेक्षा डोंगर चढलेला परवडतो.

आमच्या कामाची एक पद्धत आहे, ती आधी सांगतो. पायरी झिजली, मधोमध खळगा पडला, की आम्ही ती फेकून देत नाही. उलटवतो. आमच्या पायऱ्या एकमेकींवर चढवलेल्या नाहीत, नुसत्या मागेपुढे टेकवलेल्या आहेत, त्यामुळे मधला एक दगड पहारीनं उचलता येतो. झिजलेलं तोंड खाली, कोरं तोंड वर. मग मातीत जाणाऱ्या कडेवर छिन्नीनं एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी साल कोरायचं. रेघ असलेल्या दगडाला पुन्हा हात लावायचा नाही. त्याचं दुसरं तोंडही संपलं की तो दगडच संपला, मग नवा आणायचा. वडील म्हणायचे, उलटवलेली पायरी बसवणाऱ्या माणसाला पुरून उरते. त्यांच्या काळात उरत होती.

चर्च चारशे वर्षांचं आहे, पण हा डोंगर त्याच्या कितीतरी आधीपासून देवाच्या कामाला लागलेला आहे. माथ्यावर, चर्चच्या मागं, उभ्या दगडांचं एक कडं आहे. कोणी उभे केले, कशासाठी, कोणाला ठाऊक नाही. आता निम्मे कलंडलेत आणि यात्रेकरू त्यांना पाठ टेकून डबे उघडतात. खडकात खोदलेली जुनी थडगी आहेत, रिकामी. पाऊस पडला की त्यांत पाणी साठतं आणि पक्षी आंघोळी करतात. चर्च बांधणाऱ्यांनी त्या जुन्या लोकांचे दगड बिनदिक्कत वापरले. खालच्या भिंतीत गोल गोल नक्षीचे दगड आहेत, काही चक्क उलटे लावलेले. पायऱ्या उलटवताना मलाही कधीकधी खालच्या अंगाला कोरलेल्या रेघा मिळायच्या, एकदा तर अर्धा चेहरा मिळाला. असं काही निघालं की वडील ते तोंड गुपचूप पुन्हा खाली करायचे. म्हणायचे, तो आपल्या आधी आलाय, त्याला झोपू दे.

हे सगळं आता विद्यापीठातल्या बाईंच्या ताब्यात आहे. तीन वर्षं झाली, त्या येतात, दोऱ्या बांधतात, चौकोन आखतात आणि मातीवरनं दात घासायच्या ब्रशाएवढा ब्रश फिरवत दिवसभर उकिडव्या बसतात. दिवसाला वीतभर माती हलते. मी एकदा म्हटलं, "बाई, पहार देऊ का?" त्या हसल्या. बाई चांगल्या आहेत, माझी चेष्टा त्यांना चालते. त्यांचं म्हणणं असं की आमच्या पायऱ्यांच्या खाली त्या जुन्या लोकांचा जिना असणार. म्हणून वरून हुकूम आलाय, की यापुढे एकही पायरी त्यांच्यासमोरच उचलायची.

सोमवारी फादर मला वळणावर भेटले. हे फादर तरुण आहेत, पस्तिशीचे, पायऱ्या दोन दोन चढतात. ते एका पायरीकडे बघत उभे होते. मधोमध ताटाएवढा खळगा, त्यात पाणी.

"काका, ही एकशे त्रेचाळीसावी."

"माहीत आहे."

"काल एका बाईंचा पाय मुरगळला हिच्यावर. चौघांनी उचलून खाली नेलं."

"बघतो."

"चार वर्षं बघताय," फादर म्हणाले. रागानं नाही, त्यांना रागावता येत नाही, तेवढं एक सोडून सगळं येतं. "नवा दगड तुम्ही घडवून ठेवलाय, पायथ्याशी दोन वर्षं पडून आहे. गुरुवारी काढून टाकू. दोन माणसं देतो. विद्यापीठातल्या बाईंनाही कळवलंय, त्या नऊ वाजता येतायत."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चार वर्षं मी काय काय कारणं दिली होती. चुना नाही, दगड ओला आहे, आधी वरच्या पायऱ्या करू. आमच्या हिनंसुद्धा दोनदा हटकलं, की अहो, त्या वळणावरची पायरी तेवढी करा, कोणीतरी पडेल. आता सगळी कारणं संपली होती.

त्या पायरीखाली माझी मुलगी आहे.

एकतीस वर्षांपूर्वी आमचं पहिलं मूल झालं. मुलगी. अर्धा तास जगली. सुईण तिला वाचवण्याच्या धडपडीत, मी बायकोचा हात धरून बसलेलो, त्या गडबडीत तिच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा करायचं कोणाला सुचलंच नाही. कोणीही करू शकतं खरं तर. मी करू शकलो असतो. पाण्याचा तांब्या हाताशी होता. संध्याकाळी मी त्या वेळच्या फादरांकडे गेलो. ते म्हातारे, नियमाचे पक्के. म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा आत, पवित्र भूमीत जागा देता येणार नाही. भिंतीबाहेर कुठंही पुर. त्यांचा आवाज अगदी मऊ होता आणि त्याचाच मला जास्त संताप आला. त्यांच्यासमोर कोणी बोलत नसे.

'कुठंही' म्हणजे कुठं? झाडीत कोल्ही आहेत. सुतारानं पेटी करून दिली होती, ती काखेत घेऊन मी उभा. त्या आठवड्यात मी नेमकी एकशे त्रेचाळीसावी पायरी उलटवत होतो. दगड कडेला उभा करून ठेवला होता. त्याच्या खालची माती उकरली, तर हातभर खाली आणखी एक पायरी लागली, कोणा जुन्या लोकांची, पाय पडून पडून तीही मधोमध खोलगट झालेली. त्या खोलगटात पेटी नीट बसली. वर माती टाकली, दगड उलटवून बसवला, कडेला रेघ मारली. साल कोरलं नाही. बाई तीन वर्षं जो जिना शोधतायत तो मला एकतीस वर्षं माहीत आहे, आणि मी त्यांना पहारीवरून चिडवत होतो.

ती जागा मी निवडली कारण वळणावरनं वर बघितलं की चर्चचा क्रूस दिसतो आणि खाली बघितलं की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. आणि दुसरं असं, की त्या दगडाचं पहिलं तोंड चौऱ्याऐंशी वर्षं टिकलं होतं. मी म्हटलं, दुसरंही तेवढं टिकेल, तोवर मी नसेन, ही नसेल, ते म्हातारे फादर तर नसतीलच. पण वळणावरची पायरी दुप्पट झिजते, कारण तिथं माणूस नुसता पाय ठेवत नाही, टाचेवर वळतो. पहिलं तोंड टिकलं ते तेव्हाची पायवाट सरळ होती म्हणून. वळण आजोबांनी नंतर काढलं. हे मला पाठ होतं. नवशिक्यालाही कळतं. त्यात पुढं पायथ्यापर्यंत बसचा रस्ता झाला, माणसं दहापट वाढली. माझ्या धंद्यात मी एवढी मोठी चूक दुसरी केलेली नाही, आणि ती नेमकी तिथं केली.

त्या रात्री पेटी ठेवून घरी आलो, तर ही पडल्या पडल्या विचारते, "फादरांनी आत घेतलं ना तिला?"

मी म्हटलं, "घेतलं."

"कुठं?"

"उत्तरेच्या भिंतीपाशी. कोपऱ्यात. वर काही लावायचं नाही, बोलायचं नाही म्हणाले."

तिनं डोळे मिटले आणि त्या दिवसात पहिल्यांदा झोपली. मी ठरवलं, बरी झाली की सांगू. मग बरी झाली. मग मुलगा झाला. तो मोठा होऊन शहरात गेला. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ही उत्तरेच्या कोपऱ्यात जाते. गवत उपटते, फुलं ठेवते, अर्धा तास बसते. मी भिंतीला टेकून उभा राहतो. तिनं पांढऱ्या खड्यांचं एक छोटं कुंपण केलंय तिथं. आणि ते म्हातारे फादर वारले, तर त्यांच्या दिवशी ही दरवर्षी मेणबत्ती लावते. म्हणते, "नियम मोडून त्यांनी आपल्या लेकरासाठी केलं." काडी मी ओढून देतो. वारा असला तर हाताचा आडोसाही धरतो.

सोमवार-मंगळवार मी विचार केला आणि बुधवारी पहाटे, उजाडता उजाडता, पहार, दोन पाचरी आणि एक धुतलेला टॉवेल घेऊन निघालो. दगड उचलायचा, जे काही उरलं असेल ते टॉवेलात घ्यायचं, उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचं. माझं खोटं खरं झालं असतं. एकतीस वर्षं उशिरानं, पण झालं असतं.

पहार फटीत घातली. दगड चार फूट लांब, सव्वादोनशे किलोच्या आसपास. तेव्हा तो मी एकट्यानं बसवला होता. आता म्हटलं, निदान कड तरी उचलेल. पहिल्या खेपेला बोटभर उठला. पाचर सरकवायला वाकलो तर पहारीवरचा जोर सुटला. दुसऱ्या खेपेला खांद्यात कळ आली. तिसऱ्या खेपेला पाचर आत गेली आणि निसटली, दगड धप्पकन बसला आणि माझ्या दोन बोटांची साल घेऊन गेला. हात आणखी बोटभर आत असता तर बोटंच गेली असती. मी वरच्या पायरीवर बसलो. रक्त पुसायला तो टॉवेल घेतला नाही, शर्टाला पुसलं.

कोणाला बोलवणार? फादरांची दोन माणसं जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या गावाला सांगतील. मुलाला फोन केला असता तर तो निघाला असता, पण कशाला बोलावताय हे सांगावंच लागलं असतं आणि पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला असता. माझ्या पहारीचं दुसरं टोक आजवर वडिलांशिवाय एकाच माणसानं धरलंय. लग्नानंतरची तीन वर्षं, मदतीला कोणी नसलं की, आमची ही डोक्याला रुमाल बांधून यायची. जोर कुठं लावायचा हे तिला सांगावं लागत नसे. मी बराच वेळ बसलो आणि मग खाली उतरलो. उतरताना एवढं दमायला होतं हे मला माहीत नव्हतं.

ती बटाटे सोलत होती. माझा हात बघितला आणि सुरी खाली ठेवली.

"हे काय केलंत? इतक्या सकाळी कोणी बोलावलं होतं डोंगरावर? साठी उलटली तरी अक्कल यायची नाही." पाणी आणलं, कापूस आणला, पट्टी आणली. "कुठली पायरी?"

"वळणावरची."

"एकट्यानं? उद्या माणसं येणार आहेत ना?"

"त्यांच्या आत उचलायची होती."

"का?"

ती पट्टी गुंडाळत होती. मी तिच्या हातांकडे बघून सांगितलं. म्हाताऱ्या फादरांनी काय म्हटलं, मी कुठं गेलो, पेटी कुठं ठेवली. फार वेळ लागला नाही. एकतीस वर्षं वाटत होतं, सांगायला निदान दिवस लागेल.

तिनं पट्टी पुरी गुंडाळली. टोक फाडून दोन पदर केले, गाठ मारली. गाठ घट्ट नाही ना हे बोट घालून बघितलं. मग विचारलं, "कशात गुंडाळलं होतं?"

"तुझ्या निळ्या शालीत."

"ती मी शोधत होते." कापूस गोळा करत म्हणाली, "डोकं कुठल्या बाजूला?"

"वरच्या. चर्चच्या बाजूला."

"दगड एकट्यानं बसवलात?"

"हो."

"मला हाक मारायची होती."

"अगं, तू ओली बाळंतीण. तुला उठता येत नव्हतं."

"आले असते."

ती आली असती. रांगत आली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"मी तिच्यावरनं चालले," ती म्हणाली. "दर रविवारी. जाताना आणि येताना."

"सगळेच चालले. मीसुद्धा..."

"तुम्ही नाही. तुम्ही तिथं कडेकडेनं जाता. मला वाटायचं, गुडघ्यासाठी जाता." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही कडेनं गेलात. आणि मला जाऊ दिलंत."

मी पट्टीची गाठ चाचपत राहिलो.

"आणि त्या म्हाताऱ्यासाठी मी मेणबत्त्या लावल्या," ती म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला बसली.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. आठवड्याच्या मधेच घरातले सगळे पडदे काढून धुतले. दुपारी कपाट रिकामं केलं आणि जसंच्या तसं भरलं. जेवायला वाढलं, पण स्वतः खिडकीपाशी उभी राहिली, आणि मी बघितलं तर ती डोंगराकडे बघत होती. संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या फादर यायच्या आत आपण दोघं जाऊ. तिला तुझ्या कोपऱ्यात नेऊ. कोणाला कळायचं नाही." तिनं ऐकलं की नाही, समजलं नाही. मी आरडाओरड्याला तयार होतो, माहेरी जाते म्हणाली असती त्यालाही तयार होतो, वयाच्या साठाव्या वर्षी. गप्प राहण्याला नव्हतो.

गुरुवारी सहा वाजता जाग आली तर ती दारात उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. पहार तिच्या हातात होती.

"चला," म्हणाली.

आम्ही चढलो. ती पुढं, मी मागं. वळण आलं तशी ती एकशे बेचाळीसावर थांबली, त्रेचाळीसावर पाय न ठेवता कडेच्या गवतातनं वळसा घालून वर गेली आणि पहार फटीत घातली. फट बरोबर निवडली, मी काल चुकीची निवडली होती. मी दुसऱ्या बाजूला पाचर घेऊन बसलो.

"आता," मी म्हटलं.

तिनं पहारीवर सगळं अंग टाकलं. दगड उठला. मी पाचर सरकवली, मग दुसरी, मग मीही पहारीला हात लावला आणि चार दमांत आम्ही तो दगड उभा करून वरच्या बाजूला रेलवला. खालचं तोंड झिजलेलं, चौऱ्याऐंशी वर्षांचं, त्याच्या कडेला माझी एक रेघ. दोघंही धापा टाकत होतो. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता आणि तो तिनं पुसला नाही.

माती मी हातांनी उकरली. बराच वेळ माती आणि खडेच निघाले. मग चार खिळे मिळाले, गंजून जाड झालेले, चार कोपऱ्यांना चार. लाकूड नव्हतं. शाल नव्हती. त्या जुन्या पायरीच्या खळग्यात बाकीच्या मातीपेक्षा थोडी काळी, मऊ माती होती. एवढंच होतं.

ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळवे त्या मातीवर ठेवले आणि तशीच राहिली. मी टॉवेल उलगडला.

"घेऊ का?" मी विचारलं. "वर नेऊ. अजून कोणी आलेलं नाही."

"नको."

"पण तुझा कोपरा..."

"कोपऱ्यात काही नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. आता हलवायचं नाही तिला."

"मग फादरांना काय सांगायचं?"

"आहे ते."

मी टॉवेलाची घडी केली. आम्ही एकशे चव्वेचाळीसाव्या पायरीवर शेजारी शेजारी बसलो. पाठ दुखत होती, हात दुखत होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं, की आता कोणीही यावं, काहीही बोलावं, माझ्यानं आणखी लपवणं होणार नाही.

नऊच्या सुमाराला फादर आले, मागं दोन माणसं आणि बाई. उभा केलेला दगड बघून फादरांनी "काका, हे काय..." एवढं म्हटलं आणि हिचा चेहरा बघून थांबले.

ही उठली नाही. बसूनच म्हणाली, "फादर, इथं माझी मुलगी आहे. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून आत घेतलं नाही. यांनी इथं ठेवली. मला काल कळलं."

माणसांनी टोप्या काढल्या. फादर पांढऱ्या झग्यासकट खाली पायरीवर बसले. "आता तसा नियम नाही," ते म्हणाले. "तेव्हाही तसं व्हायला नको होतं. आपण तिला आत नेऊ. आजच. मी स्वतः सगळं करतो."

"आता नको," ही म्हणाली. "तेव्हा पाहिजे होतं. आता तिला इथंच राहू द्या. जिना वळवा. माझ्या माणसाला दगडाचं काम येतं, तो वळवेल."

फादर माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. पंधरा-वीस पायऱ्या उपटून पुन्हा बसवायच्या, या गुडघ्यांनी. पण 'माझा माणूस' हे शब्द मी ऐकले होते.

बाई खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. त्यांनी तो खालचा जिना बघितला; मी त्यांना बघताना बघितलं. तीन वर्षं ज्यासाठी त्या उन्हात बसल्या, ते हातभर अंतरावर होतं. त्यांनी ब्रश पिशवीत टाकला. मग वही काढली, जरा अवघडून.

"मला नोंद करावी लागते," त्या हिला म्हणाल्या. "नाहीतर उद्या कोणीतरी इथं खणेल. फक्त एक ओळ लिहिते. नाव काय लिहू?"

मी सांगायला तोंड उघडलं. बाप्तिस्माच झाला नाही तर नाव कुठलं ठेवणार? अर्ध्या तासाच्या मुलीला आम्ही नाव ठेवलंच नव्हतं, एकतीस वर्षं आमच्या घरात ती नुसती 'ती' होती.

माझ्या आधी बायकोनं नाव सांगितलं. अडखळली नाही, आठवावं लागलं नाही, रोज हाक मारणारा माणूस सांगतो तसं सांगितलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.